तीन किलोची लादी आणि वीस मिनिटांची बस

…आणि सून चपला घालता घालता मला बजावते काय, ‘आई, बारापर्यंत फ्रिजचं दार अजिबात उघडायचं नाही हं, आतला गारवा बाहेर जातो!’ अगं बाई, जातोय तर जाऊ दे की! या घरातून कुणीतरी बाहेर जाऊ दे! मी नाही जात, निदान गारवा तरी जाऊ दे!… पण हे मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हटलं, ‘बरं.’

तुम्हाला सांगते, हे ‘बरं’ आहे ना, यानेच माझा घात केलाय. जन्मभर. सून गुणाची आहे हो, वेडंवाकडं बोलायची नाही कधी, पण पायाला चाकं आहेत तिच्या. एका हातात पिशवी, एका हातात किल्ली, तोंडात केसाचा चाप, आणि त्या चापातूनच बोलते, ‘आणि बाराला बाहेर काढून सुटे करा, कोरडे करा, ट्रेमध्ये लावा, दीड तास, मग दुसरा ट्रे, मग तिसरा… तुम्ही काय, घरीच आहात ना!’

झालं. गेली. दार धाडकन लागलं. मी आत.

घरीच आहात ना! हे ऐकून ऐकून माझे कान किटले. शेजारणीचं पार्सल येणार, ‘आजी, घेऊन ठेवा, तुम्ही काय, घरीच आहात ना!’ समोरच्यांचा नळ दुरुस्त करायला माणूस येणार, किल्ली माझ्याकडे, ‘घरीच आहात ना!’ अहो, कुत्रा सांभाळला मी कुणाकुणाचा! मला कुत्रा चावतो म्हणून भीती वाटते, तरी सांभाळला, का, तर मी घरीच आहे आणि कुत्राही घरीच असतो, म्हणजे आमची जोडी छान!

पण मी काय सांगत होते… हां, लादी.

तर झालं असं, माझा मुलगा आहे ना, तो गोठवलेल्या मालाच्या गोदामात कामाला आहे. माल येतो, उतरतो, हा उभा राहतो अंगात जाड कोट घालून. त्यांच्याकडे वर्षातून एकदा चिठ्ठ्या टाकतात आणि ज्याची चिठ्ठी निघेल त्याला काहीतरी बक्षीस. शेजारच्या टेबलावरच्याला छत्री मिळाली. छत्री! शहाण्यासारखी वस्तू आहे की नाही? छत्री वितळते का? छत्री कुणी ओळीने लावून ठेवायला सांगतं का? आमच्या चिरंजीवांना मिळाली ही लादी. खोक्यातून काढली, ओट्यावर ठेवली, धप्पकन आवाज झाला आणि म्हणतो, ‘आई, स्कॅलप!’ जसा काही वाघ मारून आणलाय!

मी म्हटलं, ‘कशाला ओरडतोस? काय आहे ते?’

मग त्याने मला समजावलं. समुद्रात म्हणे एक शिंपला असतो, दोन पंखे एकमेकांवर उपडे घातल्यासारखा. आणि त्या शिंपल्याच्या आत असतो एक पांढरा गोळा, लिमलेटच्या गोळीपेक्षा मोठा, दंडगोल, गुळगुळीत. तेवढाच खायचा. बाकीचं टाकून द्यायचं. मी म्हटलं, ‘आणि हा गोळा तिथे काय करत असतो?’ तर म्हणतो, ‘आई, तो शिंपल्याचं दार धरून ठेवतो. घट्ट. आतून.’

ऐकलंत का? दार धरून ठेवतो! आतून! जन्मभर एवढंच काम! मी त्या लादीकडे बघितलं, आणि तुम्हाला सांगते, मला एकदम ओळखीचंच कुणीतरी वाटलं.

आता ही लादी म्हणजे किती, तर तीन किलो. आणि सगळे गोळे एकमेकांना मिठी मारून गोठलेले, दगडासारखे. आमचा फ्रिज जुना. वरचा बर्फाचा कप्पा केवढा? दोन पुस्तकं आडवी ठेवा, भरला. लादी आत सारली तर दार लागेना. दाराला खुर्ची लावली तर खुर्ची सरके. मग चिरंजीव म्हणतात, ‘आई, तू जरा बस ना खुर्चीवर.’ बसले! सगळी संध्याकाळ मी खुर्चीवर, खुर्ची दाराला, दार लादीला! टीव्ही दुसऱ्या खोलीत. आवाज ऐकू येतोय, चित्र दिसत नाही. कोण रडतंय कळतंय, का रडतंय कळत नाही. मधेच हाक मारली, ‘अरे, मी उठू का?’ तर तिकडून उत्तर, ‘आई, कुठे जायचंय तुला? तू काय, घरीच आहेस ना!’

मग बसली घरात सभा. निर्णय झाला की ही लादी खालच्या कप्प्यात ठेवून हळूहळू सैल करायची, मग गोळे सुटे करायचे, बारा-बाराच्या पिशव्या करायच्या आणि पुन्हा गोठवायच्या. घरात चौथं माणूस नाहीच, तिघांना चार-चार, असा हिशोब. मला काय, मी म्हटलं, ‘बरं.’

पण एवढं सोपं असतं का हो? मी सकाळी खाली मासेवाल्याला विचारलं. तो चाकूला धार लावत होता, मान वर न करता म्हणतो, ‘आजी, पाणी लावू नका. पाणी पिऊन फुगतात आणि तव्यावर रडतात. गोणपाटासारखे कोरडे करायचे. आणि बाहेर ओट्यावर वितळवलेत तर परत गोठवायचे नाहीत, सांगून ठेवतो. फ्रिजमध्येच सैल झाले, गारच राहिले, तरच परत आत.’ बरं. जिना चढून वर आले तर वरच्या मजल्यावरची नर्स भेटली. तिला काहीही सांगा, तिला जंतूच दिसतात. ‘आजी!’ छातीवर हात ठेवून, ‘आजी, हात धुऊन! प्रत्येक वेळी! आणि बाहेर वीस मिनिटांच्या वर एक मिनिट नाही! जंतू दुपटीने वाढतात, दुपटीचे चौपट, चौपटीचे…’ मी म्हटलं, ‘अगं, जंतूंचं राहू दे, माझं वय किती वाढलं एवढ्या वेळात!’ तर ती हसली आणि जाता जाता म्हणाली, ‘पण तुम्ही आहात म्हणून बरंय हो. आमच्याकडे कोण बघणार? तुम्ही काय, घरीच आहात!’

आता तुम्ही म्हणाल, आजीबाई, खरंच घरीच तर आहात, मग एवढा त्रागा कशाला?

नव्हते मी घरी! तेच तर सांगतेय! बुधवारी मी घरी नसणार होते!

माझी धाकटी बहीण. आता धाकटी म्हणजे सत्तरीला एक कमी, पण माझ्यासाठी धाकटीच. तीन वर्षं आम्ही बोललो नाही. का? तर तीन वर्षांपूर्वी ती माझ्याकडे राहायला आली होती, आणि एक दिवस सकाळी उठून म्हणाली, ‘चल गं ताई, आपण दोघीच चार दिवस कुठेतरी जाऊ. समुद्र बघू. पाय बुडवून बसू.’ मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की मी म्हटलं, ‘थांब हं, घरात विचारते.’ बस्स. एवढंच म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘ताई, तुला शिंक आली ना, तर तू घरात विचारून शिंकशील.’ असं बोलावं का मोठ्या बहिणीला? मी पण बोलले. मी काय बोलले ते मी सांगणार नाही, पण मी कमी बोलले नाही. ती त्याच दिवशी बॅग उचलून गेली. तीन वर्षं. फोन नाही, निरोप नाही, दोघींच्या नाकावर राग, आणि नाकं आमच्या घराण्यात लांब.

आणि रविवारी तिचा फोन. ‘ताई, मी घर सोडतेय. मुलीकडे जातेय कायमची. दोन दिवसांचा प्रवास आहे. बुधवारी साडेचारला माझी बस तुमच्या स्टँडवर वीस मिनिटं थांबते.’ मग म्हणाली, ‘यायचं तर ये. नाही जमायचं तुला, माहीत आहे मला.’ आणि ठेवला फोन!

बघितलंत? बोलावलं की टोचलं? दोन्ही एकाच वाक्यात! धाकटीच ती!

आता कायमची म्हणजे कायमची. तिचे गुडघे गेलेत, माझी कंबर. ती काही त्या वाटेने परत यायची नाही आणि मी काही दोन दिवस बसमध्ये बसायची नाही. म्हणजे जे काय बघायचं, बोलायचं, भांडायचं, ते त्या वीस मिनिटांत. मी ठरवलं, जायचं. आणि ठरवलं, कुणाला विचारायचं नाही! आता इथेच माझी गोची झाली हो. विचारायचं नाही ठीक आहे, पण सांगायचं तरी? मी आपली सोमवारी रात्री जेवताना तोंड उघडलं, ‘बुधवारी मी…’ आणि माझ्या लक्षात आलं की आपला आवाज विचारल्यासारखाच येतोय! शेवटी वर जातोय! सांगणं आणि विचारणं माझ्या तोंडातून एकसारखंच बाहेर पडतं, इतकी सवय! मी म्हटलं, नको. धाकटीने विचारलं, ‘विचारून आलीस का?’ तर मला तिच्या डोळ्यात बघून ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे. म्हणून मी ‘बुधवारी मी…’ म्हणून थांबले, आणि सून म्हणाली, ‘हो आई, बुधवारीच लादीचं करायचं,’ आणि मी म्हटलं… काय म्हटलं असेन? बरोबर. ‘बरं.’

आता हिशोब बघा. मला अक्षर येत नाही, पण घड्याळाचे काटे येतात, आणि काट्यांनी मला जेवढं छळलंय तेवढं अक्षराने कुणाला छळलं नसेल. ट्रे एकच. कप्पा एवढासा. गोळे शंभराच्या वर. म्हणजे तीन खेपा. एका खेपेला दीड तास. बाराला सुरू केलं तर बारा, दीड, तीन, साडेचार. साडेचारला बस! आणि स्टँड लोकांना पंधरा मिनिटं, मला अर्धा तास! म्हणजे चारला निघायला हवं. म्हणजे साडेअकराला दार उघडायला हवं. आणि सूनबाईने सांगितलेलं, बारापर्यंत अजिबात उघडायचं नाही!

उघडलं. तुम्हाला सांगते, लग्नानंतर पहिल्यांदा मी काहीतरी अर्धा तास लवकर केलं.

लादी बाहेरून सैल, मध्ये दगड. बाहेरचे गोळे काढायला गेले तर कसे निघत होते माहितीय? आंघोळीला न्यायच्या पोरासारखे! हातातून सटकन निसटायचे! एक गेला ओट्याखाली. एक माझ्या चपलेत. मी वाकले तर कंबर तिथेच अडली, आणि मी वाकलेली असतानाच मनात नर्स ओरडायला लागली, ‘आजी, वीस मिनिटं! जंतू!’ आणि एकीकडे मासेवाला, ‘कोरडे करा, गोणपाटासारखे!’ मी एकेक गोळा उचलते, फडक्यात घेते, हलकेच टिपते, गालाला पावडर लावावी तसा, ट्रेमध्ये ठेवते, एकाला दुसरा लागता कामा नये, सहा-सहाच्या ओळी. आणि पहिली खेप आत गेली, उरलेली लादी परत खालच्या कप्प्यात. साडेअकरा… पावणेबारा झाले होते. पंधरा मिनिटं गेली. कुठे? चपलेतल्या गोळ्याच्या मागे!

सव्वा वाजता काढला ट्रे. मोजून बारा-बारा पिशवीत भरले. आता माझी पद्धत सांगते. चिरंजीव पिशवीवर पेनाने लिहितो, ते आठ दिवसांत पुसून जातं, मग महिनाभर कुणाला कळत नाही आत काय आहे ते. मी दोरा बांधते. मटारला हिरवा, मटणाला लाल. आणि मोजायची वस्तू असली तर आत जितके नग तितक्या गाठी. घरात सगळे हसतात, पण अंधारात वीज गेली तरी हाताला कळतं की नाही? या गोळ्यांना पांढरा दोरा दिला, बारा गाठी. प्रत्येक पिशवीला बारा गाठी! आता सांगा, घाईच्या दिवशी कुणी बारा गाठी मारतं? मी मारल्या! कुणी सांगितलं होतं? कुणी नाही! पण सहा गाठी मारून पिशवीत बारा गोळे असले तर रात्री झोप येईल का मला?

दुसरी खेप दीडला आत गेली. तीनला तो ट्रे काढायची वेळ झाली. आणि इथे, तुम्हाला सांगते, इथे खरा घोटाळा झाला.

लादीचा मधला दगड मी हातांनी विलग केला, हात ओले. तसेच ओले हात मी वरच्या कप्प्यात घातले, दुसऱ्या खेपेचा ट्रे बाहेर ओढायला. आमचा कप्पा जुना, खाली पत्रा, पत्र्यावर बर्फ. माझी चार बोटं पत्र्याला टेकली… आणि चिकटली. चिकटली म्हणजे काय, सोडेचनात! ओढलं तर कातडं यायला लागलं! मी उभी, एक हात फ्रिजच्या आत, दार उघडं, गारवा सगळा बाहेर, सुनेचा चेहरा डोळ्यांसमोर, आणि त्याच क्षणी… ट्रिंग ट्रिंग! फोन! बाहेरच्या खोलीत!

या वेळेला मला कोण फोन करणार? धाकटी! तीच! आणि मी अशी! मी फोनला ओरडले, ‘आले गं! आले!’ जसा काही फोन ऐकतोय! सात वेळा वाजला, आठ वेळा वाजला आणि थांबला. आणि तो थांबतो न थांबतो तोच दारावरची घंटा!

‘कोण आहे?’

‘मीटर बघायचंय!’

‘नंतर या!’

‘आजी, तुम्ही काय, घरीच आहात ना! उघडा की, दोन मिनिटांचं काम!’

‘घरीच आहे रे बाबा! पण माझा हात फ्रिजमध्ये आहे!’

बाहेर काहीतरी खाली पडल्याचा आवाज.

‘काय आहे फ्रिजमध्ये?’

‘हात! हात आहे फ्रिजमध्ये! निघत नाहीये!’

‘…कुणाचा हात?’

मी म्हटलं, ‘अरे, चार बोटं आहेत, चिकटलीयत…’ आणि जिन्यावरून धडधड धडधड पावलं खाली गेली! पळाला! आजवर परत आला नाही. दोन महिने आमच्या मीटरला कुणी हात लावलेला नाही.

मग काय करणार? डोकं घातलं कप्प्यात आणि तोंडाने वाफ सोडायला लागले. ‘हा… हा… हा…’ करत. सत्तरी उलटलेली बाई फ्रिजमध्ये डोकं घालून श्वास सोडतेय! एक बोट सुटलं. ‘हा… हा…’ दुसरं सुटलं. आणि मला काय वाटलं सांगू? आतून दार धरून बसलेला तो शिंपल्यातला गोळा, त्याला कुणी बाहेर काढायला गेलं तरी तो चिकटलेलाच असतो की पंख्याला. सुरीने कापावा लागतो म्हणे. माझी चारही बोटं सुटली तेव्हा सव्वातीन वाजले होते.

सव्वातीन! आणि तिसरी खेप बाकी! मधल्या दगडाचे तर इतके गोळे निघाले की ट्रेमध्ये मावेनात. मग मी, काय करू, एकावर एक रचले. दोन थर. खाली फडकं, मध्ये फडकं. आता हे असं ठेवलं की काय होतं? ते अर्धवट गोठले की एकमेकांना धरतात. म्हणजे पाच वाजता, पक्के व्हायच्या आत, त्यांना हाताने सुटं करून खालीवर करायला हवं. नाही केलं, तर परत लादी! दिवसभराचं सगळं पाण्यात… पाण्यात कसलं, बर्फात!

मी विचार केला, जाऊ दे मरू दे. पायात चपला घातल्या. एक पिशवी, पहिल्या खेपेतली, चांगली टणक, बारा गाठींची, वर्तमानपत्रात गुंडाळली, वर टॉवेल, आणि काखेत मारली. धाकटीला काहीतरी न्यायला हवं ना! रिकाम्या हाताने कसं जायचं? दाराला कुलूप लावलं. किल्ली कमरेला. आणि निघाले. कुणाला न विचारता, न सांगता, चारला पाच कमी असताना.

रस्त्यावर मला कुणी विचारलं नाही कुठे चाललात. एकानेही नाही! रोज खिडकीत बसलेली असते तर सगळे विचारतात, ‘आजी, काय चाललंय?’ आणि आज चाललेय तर कुणाला पत्ता नाही. काखेत बर्फ, कपाळावर घाम, कंबर म्हणते थांब, पाय म्हणतात चल. स्टँडवर पोचले तर बस उभी. साडेचारला पाच कमी.

धाकटी खिडकीतून डोकं काढून बसलेली. मला बघितलं आणि पहिलं वाक्य काय? तीन वर्षांनी? ‘जाडी झालीस.’

मी म्हटलं, ‘आणि तू वाळलीस.’

‘फोन का नाही उचललास? गाडी आज पुढे पळतेय, हे सांगायला केला होता. पंधरा मिनिटं आधीच पोचली. आता दहाच राहिली.’

‘हात अडकला होता.’

‘कशात?’

‘फ्रिजमध्ये.’

तिने दोन वेळा डोळे मिटले, उघडले, आणि मग खदाखदा हसायला लागली. मी पण हसले. अहो, दहा मिनिटांतली तीन आम्ही नुसती हसण्यात घालवली! ती धडपडत खाली उतरली, गुडघा धरून. मी पिशवी पुढे केली. ‘हे काय?’ ‘शिंपल्यातले गोळे. गोठवलेत. बारा आहेत, गाठी मोज.’ ‘अगं ताई, मला दोन दिवसांचा प्रवास आहे! हे काय करू मी?’

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! मी सकाळपासून बर्फ होणं बघत होते, पाणी होणं कुणी बघितलं होतं! मग मी म्हटलं, ‘गुडघ्यावर ठेव.’ तिने बाकावर बसून पिशवी गुडघ्यावर ठेवली. गुडघा जरा हलवून बघितला. मग म्हणाली, ‘बरं वाटतंय गं.’ आणि दुसऱ्या हाताने माझी बोटं धरली, ती लालभडक झालेली चार बोटं, आणि चोळत बसली.

मग विचारलंच तिने. ‘विचारून आलीस का?’

मी तिच्या डोळ्यात बघून म्हटलं, ‘नाही. सांगूनसुद्धा नाही.’

तुम्हाला सांगते, तिचा चेहरा काय झाला! जसं काही मी डोंगर चढून आले! म्हणाली, ‘मग चल.’

‘कुठे?’

‘माझ्याबरोबर. माझ्या शेजारची जागा रिकामी आहे. रात्री गाडी जिथे पोचते तिथे माझी मैत्रीण राहते, तिच्याकडेच उतरणार आहे मी, उद्याची बस धरणार. एक रात्र ये. गप्पा मारू. उद्या सकाळच्या गाडीने तू परत.’

तिकीट फाडणारा दारातच उभा होता, तोही म्हणतो, ‘आजी, चढा की. जागा आहे. सुटतेय गाडी.’

आता बघा. घरी कुणी नाही. कुणी अडवायला नाही. कुलूप लावलेलं, किल्ली कमरेला. जागा रिकामी. एक रात्र! मी एक पाय पायरीवर ठेवला. ठेवला, खरंच ठेवला, चपलेखाली थरथरणारी ती पायरी मला अजून आठवतेय. आणि माझ्या तोंडातून, माझ्याच तोंडातून, काय निघावं?

‘अगं, पाच वाजता ते सुटे करायचे आहेत.’

मला वाटलं ती आता टोचणार. शिंकेचं काढणार. पण नाही. टोचली असती तर मी रागाने तरी चढले असते! तिने फक्त विचारलं, ‘तुला कुणी थांबवलं गं ताई?’ अगदी हळू. काय सांगू, चाळीस गोळ्यांनी थांबवलं? मी पाय खाली घेतला. ती वर चढली. गाडी सुटली. तिने खिडकीतून ती पिशवी वर धरून हलवली, तिच्या गाठींसकट, मग ती पण दिसेनाशी झाली.

मी पळत घरी आले. पळत म्हणजे माझ्या मानाने. वाटेत मी सगळं भांडण तयार केलं. म्हटलं, आज बोलायचं! सुनेला, मुलाला, सगळ्यांना! ‘तुमच्या त्या लादीपायी!’ इथून सुरुवात करायची. ‘मी म्हणजे काय फ्रिजचा कप्पा आहे का?’ हे मधे घालायचं. आणि शेवट ‘मी काय घरीच आहे का?’ असा. पाच वाजून दहा मिनिटांनी जिना चढले तर दार उघडं. आत सून. आज लवकर सुटलेली. ओट्यावर ट्रे, आणि गोळे सुटे करून, टिपून, सगळे एकाच पिशवीत भरून, वर पांढरा दोरा बांधतेय. चाळीस गाठी मारत होती हो बिचारी, एकोणिसावर आली होती.

‘आई! कुठे होतात? जीव घाबरा झाला माझा! खालचे म्हणतात मीटरवाला काहीतरी हातबित ओरडत पळाला…’

माझं भांडण तोंडाशी आलेलं. पण आधी आलं रडू. आणि मग सगळं सांगून टाकलं, धाकटी, स्टँड, दहा मिनिटं, रिकामी जागा, एक पाय पायरीवर, आणि पाच वाजता सुटे करायचे म्हणून परत आले ते.

तिच्या हातातला दोरा तसाच राहिला.

‘अहो आई,’ म्हणाली, ‘मी आले, ट्रे आपटला, सुटे झाले. दोन मिनिटं लागली. यासाठी परत आलात? जायचं ना हो! चांगले चार दिवस जायचं! एक शब्द बोलला असतात तर मी स्वतः स्टँडवर सोडायला आले असते, बॅग भरून!’

बोला आता! सगळं तयार करून आणलेलं भांडण, आणि भांडायला माणूसच नाही! कुणावर ओरडू? गोळ्यांवर? या घरात इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला तोंड भरून ‘जा’ म्हणालं… आणि तोपर्यंत त्या वाटेची शेवटची बस दोन गावं पुढे गेली होती.